वाचकांचे प्रश्न : लाकडाच्या आचेवर पोलाद मऊ करताना

मागील अंकात जुन्या कानशीपासून सुतारकामाची पटाशी कशी करावी हे सांगताना ‘कानस आधी तापवून मऊ करून घ्यावी’ एवढे एकच वाक्य लिहून मी पुढे गेलो होतो. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे बाकीच्या सगळ्या लेखावर आलेल्या पत्रांपेक्षा जास्त आहेत आणि तक्रार रास्त आहे, कारण सगळे काम त्या वाक्यातच दडलेले होते. सारखी पत्रे एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहे. इंग्रजीत ॲनीलिंग, परिभाषेत अनुशीतन आणि कारखान्यात ‘नरम करणे’ असे ज्याला म्हणतात, ती ही क्रिया.

प्रश्न : आमचे गोराईला कौलारू घर असून मागे वाडी आहे आणि चुलीसाठी सुरूची वाळलेली लाकडे भरपूर असतात. बारा इंची जुनी कानस मी चुलीत लालबुंद केली आणि बाहेर काढून कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवली. थंड झाल्यावर हॅक्सॉ लावला, तर मधल्या भागात पाते कसेबसे चालले, पण टोकाकडे नुसते घसरत राहिले आणि पात्याचे दात गेले. चुलीची आच कमी पडली का? भाता बसवावा लागेल का? — एक वाचक, गोराई

उत्तर : भात्याची गरज नाही. सुरूचे लाकूड जड आणि घट्ट असते, त्याचे निखारे बराच वेळ टिकतात आणि अशा निखाऱ्यांच्या वीतभर थरात, मधूनमधून फुंकणी मारली तर, या कामाला लागणारी उष्णता सहज मिळते. आपले काम बिघडले ते मुख्यतः निवण्यात.

प्रथम टोकाची तपासणी करावी. तेथे काळ्या खपल्या धरल्या असतील आणि नखाने त्यांचे पापुद्रे निघत असतील, तर टोक खरोखर लाल झाले होते. उलट तेथे खपल्या नसून निळसर किंवा करडी झाक असेल, तर टोक निखाऱ्यांच्या बाहेर राहिले, ते तीन-चारशे अंशांच्या आसपास पोचले आणि त्याचा कडकपणा थोडाच उतरला. बारा इंची कानस घरगुती चुलीत पूर्ण मावत नाही, त्यामुळे मला या दुसऱ्या कारणाचा संशय जास्त आहे. पण पहिले असले तरी कडाप्पा दोषी आहेच. थंड, जाड दगड पोलादातली उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि कानशीचे पातळ टोक मधल्या भागाच्या कितीतरी आधी गार होते.

आत काय घडते ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळले की पुढच्या सगळ्या सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही. कानशीच्या पोलादात साधारण १ ते १.३ टक्के कार्बन असतो. पोलाद ७२७ अंश सेल्सियसच्या वर गेले की त्यातील लोखंडाच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते कार्बनला आपल्यात सामावून घेऊ लागते. या अवस्थेतून ते एकदम पाण्यात बुडवले, तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो आणि पोलाद काचेसारखे कडक होते. लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतो ते हेच. रॉकवेल ‘सी’ मापनात नव्या कानशीचा कडकपणा ६० ते ६५ च्या दरम्यान भरतो. हॅक्सॉच्या पात्याचे दातही जवळपास तेवढेच कडक असतात, म्हणून दोघांची झुंज बरोबरीत सुटते आणि नुकसान पात्याचे होते. याउलट तेच पोलाद सावकाश निवू दिले, तर कार्बन सवडीने बाहेर पडतो, लोखंडाबरोबर त्याचे कार्बाइड बनते आणि मऊ लोखंडाचे व कडक कार्बाइडचे पापुद्रे एकाआड एक रचले जातात. निवण्याचा वेग जितका कमी तितके हे पापुद्रे जाड आणि पोलाद मऊ. उघड्या हवेत गार झालेल्या कानशीत ते इतके बारीक राहतात की पाते चालते, पण कण्हत चालते. आपल्या कानशीच्या मधल्या भागाची कथा हीच आहे.

म्हणजे नियम दोनच राहिले. सगळा तुकडा ७२७ अंशांच्या थोडा वर, साधारण ७५० ते ७८० पर्यंत, एकसारखा तापला पाहिजे आणि तेथून सुमारे ६०० अंशांपर्यंतचा उतार त्याने जितका रेंगाळत उतरावा तितके चांगले. सहाशेच्या खाली सगळे बदल आटोपलेले असतात. पुढे घाई केली तरी पोलादाच्या मऊपणावर परिणाम होत नाही, पण पहाटे राख उकरून चटके घेण्यात शहाणपण नाही.

एवढे तापमान मोजायचे कशाने? डोळ्यांनी मोजता येते, पण त्यासाठी दिवेलागणीची वेळ हवी. भर उन्हात काळपट लाल रंग दिसतच नाही. माणूस ‘अजून लाल नाही’ म्हणत जाळ वाढवत राहतो आणि तुकडा नऊशेच्या पुढे जातो. तेथे पोलादाचे कण मोठे होतात, वरच्या थरातला कार्बन जळून जातो आणि पुढे कितीही चांगले पाणी दिले तरी धार टिकत नाही. सावलीत पाहिले, तर साडेसहाशेच्या आसपास तुकडा वाळलेल्या कोकमासारखा काळपट तांबडा दिसतो, पावणेआठशेला डाळिंबाच्या दाण्यासारखा होतो आणि झेंडूचा नारिंगी रंग दिसू लागला म्हणजे आपण बरेच पुढे गेलो. डोळ्यांवर विश्वास नसेल त्याने लोहचुंबक वापरावा. आपल्याला हव्या असलेल्या तापमानाला पोलाद चुंबकाला चिकटायचे थांबते. शुद्ध लोखंडाचा हा बिंदू ७७० अंशांना आहे आणि कानशीसारख्या पोलादात तो स्फटिकांच्या बदलाबरोबरच, म्हणजे थोडा आधी येतो. जुन्या स्पीकरचा चुंबक तारेला टांगावा, सांडशीने तुकडा बाहेर काढून क्षणभर त्याला भिडवावा आणि लगेच परत निखाऱ्यांत सारावा. चुंबक तापू देऊ नये, कारण तापला की त्याचीच शक्ती कमी होते आणि मग तो खोटी साक्ष देतो. हल्ली मिळणारे छोटे चकचकीत निओडायमियमचे चुंबक तर उकळत्या पाण्याइतकी उष्णताही धड सोसत नाहीत.

आणखी एक जुनी खूण आहे, तीही फुकट. पत्र्याच्या लहान झाकणात चिमूटभर कोरडे मीठ घालून ते तुकड्याशेजारी निखाऱ्यांत ठेवावे. मीठ ८०१ अंशांना वितळते. मीठ कोरडे आणि चुंबक चिकटत नाही, अशी स्थिती असेपर्यंत आपण नेमके हवे तेथे आहोत. मिठाचे पाणी झाले की फुंकणी खाली ठेवावी. मीठ तुकड्यावर मात्र सांडू नये, नाहीतर गंजाला आमंत्रण मिळते.

आता कृती. चुलीऐवजी वाडीत मातीच्या जमिनीवर कोरड्या विटांची दोन हात लांब, वीतभर रुंद अशी नळी रचावी, म्हणजे कानस आडवी पूर्ण मावेल. खाली समुद्राकाठचे गोल दगड लावू नयेत; त्यांत पाणी मुरलेले असते आणि तापल्यावर ते फुटून उडतात. कानशीची लाकडी मूठ काढावी, तिच्या दोन्ही अंगांना बोटाच्या दोन पेरांएवढ्या जाडीच्या लोखंडी सळया लावाव्यात आणि बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात त्या काळ्या तारेने तिन्ही एकत्र गुंडाळावेत. (ही तार हाताने पिळता येते याचे कारण तीही कारखान्यात अशीच नरम करून घेतलेली असते.) या सळयांचे काम महत्त्वाचे आहे. एकटी कानस चार-सहा मिलिमीटर जाडीची, तिच्यात उष्णतेचा साठाच नसतो. सळया सोबतीला असल्या की त्या स्वतः निवताना कानशीला निवू देत नाहीत. सळयांऐवजी वाण्याकडची जुनी दोन किलोची लोखंडी वजने वापरण्याचा मोह एका वाचकाला झाल्याचे त्याच्या पत्रावरून दिसते. कृपया तसे करू नये. त्या वजनांच्या खाचेत वजन जुळवण्यासाठी शिसे भरलेले असते, ते ३२७ अंशांनाच वितळते आणि त्याची वाफ विषारी असते.

तार गुंडाळल्यावर या जुडीला चिकणमातीचा बोटभर लेप द्यावा आणि तो दोन दिवस सावलीत व नंतर उन्हात पूर्ण वाळवावा. लेपामुळे हवा लागत नाही, खपल्या कमी धरतात आणि वरचा कार्बन टिकतो. लेप दिला की रंग दिसत नाही आणि चुंबकही लावता येत नाही, ही अडचण आहेच. म्हणून त्याच पोलादाचा एक लहान तुकडा, मोडक्या कानशीचे टोक असले तरी चालेल, लेप न देता शेजारी ठेवावा आणि परीक्षा त्याची घ्यावी. तो तयार झाल्यावर मोठ्या जुडीला आतपर्यंत तापायला आणखी अर्धा तास द्यावा.

आधी जाळ करावा तो निखाऱ्यांसाठी. जुडी ज्वाळेत ठेवू नये, कारण ज्वाळ एका अंगाला चाटते आणि दुसरे अंग काळे राहते. सुरूचे वा बाभळीचे निखारे वीतभर झाले की त्यांत जुडी पुरावी, वर आणखी निखारे आणि नारळाच्या करवंट्या रचाव्यात. करवंटीचा निखारा लहान, पण फार कडक असतो. कमी पडलेल्या कोपऱ्यात दोन करवंट्या टाकल्या की कोपरा जुळून येतो. हे सगळे साधारण दोन तास चालते. त्यानंतर जुडी बाहेर काढायची नाही. लाकडाच्या आचेचा मोठा गुण येथे आहे : गॅसची ज्योत बंद केली की संपली, लाकडाची आग मात्र स्वतःची राख मागे ठेवून विझते आणि राखेइतके स्वस्त, उत्तम पांघरूण दुसरे नाही. निखारे पांढरे होऊ लागले की आधी जमवून ठेवलेली कोरडी राख त्यांवर निदान वीतभर ओतावी, वर पत्रा झाकावा आणि झोपायला जावे.

राख कोरडी, या शब्दाखाली मी दोन रेघा मारतो. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा शोषतात. मुंबईच्या हवेत तर फेब्रुवारीतही उघड्या डब्यातली राख मऊशार लागते. राख चाळून, लोखंडी कढईत भाजून, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात झाकण घट्ट लावून ठेवावी. जून ते सप्टेंबर हे काम करूच नये असे माझे मत आहे. ओल्या लाकडाची बरीच शक्ती स्वतःतले पाणी उडवण्यात जाते आणि अर्ध्या रात्री आलेली एक सर सगळे निवणे एका मिनिटात उरकून टाकते.

उमेदवारीच्या काळात मी परळच्या एका टूलरूममध्ये होतो. तेथे राखेच्या पेटीवर खडूने वेळ लिहिलेली असे आणि त्या वेळेआधी झाकण उघडणाऱ्याशी आमचे जुने मिस्त्री त्या दिवशी बोलत नसत. एकदा घाईच्या कामासाठी मी पाच वाजता पुरलेला ठोकळा सात वाजता काढला, तो बाहेरून काळा दिसत होता म्हणून. सावलीत नेल्यावर तो आत अजून कोकमी लाल होता. पंख्याखाली तो गार झाला आणि दुसऱ्या दिवशी शेपिंग मशीनवर त्याने दोन हत्यारांच्या धारा खाल्ल्या. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी तो ठोकळा माझ्याच खणात ठेवून दिला आणि मी तो कारखाना सोडीपर्यंत तो तेथेच होता.

सकाळी जुडी फोडल्यावर मोडकी कानस घेऊन आपल्या तुकड्याच्या कडेवर एक घास द्यावा. कानस ‘किर्र’ करून घसरली तर पुन्हा सगळे करणे आले. ती चावली आणि चकचकीत कीस पडला तर काम झाले. हॅक्सॉ लावण्यापूर्वी वरचे दात आणि काळी खपली घासून काढावी, कारण खपली स्वतः फार कडक असते आणि पात्याचे दात तिच्यावरच जातात.

प्रश्न : दारुखान्याच्या भंगार बाजारातून ट्रकच्या स्प्रिंगचा एक पाटा आणला. मित्राच्या वाडीत लाकडाच्या आगीत लाल करून वाळूत पुरला. करवत चांगली चालली, पण भोक पाडताना ड्रिल तीन मिलिमीटर आत गेले, मग चिरकले आणि पुढे जाईनाच. एकाच तुकड्यात मऊ आणि कडक कसे? — एक वाचक, माझगाव

उत्तर : यात आगीचा दोष थोडा आणि ड्रिलचा जास्त आहे. पाट्याच्या पोलादात कार्बन कानशीच्या निम्माच, अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. पण त्यात मँगेनीज आणि सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले असते आणि अशी मिश्रणे पोलादाला सावकाश निवतानाही कडक होण्याची सवय लावतात. वाळू हे राखेसारखे हलके, ऊब धरणारे पांघरूण नव्हे. ती जड असते, उष्णता ओढते आणि समुद्राची असेल तर ओलीही असते. त्यामुळे पाटा पुरेसा मऊ झाला नाही, तरी करवतीपुरता झाला. पुढचे आपल्या हातून झाले. ड्रिल जोरात फिरवून हलके दाबले असेल, तर टोक कापत नाही, घासते. घासल्याने भोकाचा तळ तापतो, भोवतालचे गार पोलाद ती उष्णता क्षणात ओढून घेते आणि तळाला काचेसारखी पापडी धरते. म्हणजे आपण भोकाच्या तळाला पाणी दिले.

ते भोक उलट्या बाजूने, नव्याने धार लावलेल्या ड्रिलने, कमी वेगात, तेल सोडत आणि निर्धाराने दाबून पाडावे. किसाचा अखंड वेटोळा निघत असेल तर ठीक. भुकटी पडू लागली की लगेच थांबावे. तेही जमले नाही तर पाटा पुन्हा तापवावा, पण या वेळी दुसऱ्या रीतीने. स्प्रिंगच्या पोलादासाठी पूर्ण अनुशीतनाला ८३० अंशांच्या आसपास जावे लागते आणि तेथून उतरायला लागणारी सवड घरगुती राख देईलच असे नाही. त्यापेक्षा ७२७ च्या खाली राहून, ६६० ते ७०० अंशांत तास-दीड तास मुरू देणे सोपे. स्फटिकांची रचना तेथे बदलत नाही, पण आतले कार्बाइड हळूहळू गोळ्या धरते आणि ड्रिल चालण्याइतका मऊपणा येतो. या पट्ट्याची खूण अशी की वायरमनकडची उघडी ॲल्युमिनियमची तार पत्र्याच्या वाटीत शेजारी ठेवावी : ॲल्युमिनियम ६६० ला वितळते. तार वितळलेली आहे आणि चुंबक अजून चिकटतो आहे, तोपर्यंत जाळ तसाच राखावा. वाटी उचलताना मात्र वितळलेली धातू पायावर सांडणार नाही एवढे पाहावे. नंतर निवण्याचा वेगही फारसा आड येत नाही.

भंगारातून पोलाद घेणाऱ्यांना एक इशारा येथेच देतो. मोटारसायकलचे शॉक ॲबसॉर्बर, बंद नळ्या, दोन्ही तोंडे मिटलेल्या कोणत्याही वस्तू आगीत टाकू नयेत. आतले तेल किंवा नुसती हवाही तापून नळी बॉम्बसारखी फुटते.

प्रश्न : मी परळला चौथ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर सोसायटीची हरकत नाही. शेगडीत लाकूड पेटवून हे काम करता येईल का? — एक वाचक, परळ

उत्तर : करू नये. सोसायटीची हरकत आज नसेल, पहिला धूर पाचव्या मजल्यावरच्या खिडकीत शिरला की येईल. धूर बाजूला ठेवला, तरी आपल्याकडील बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातलेला असतो. त्यात ओल मुरलेली असते. वर निखाऱ्यांची शेगडी तासन्‌तास राहिली, तर तिची वाफ होऊन वरचा थर फुगतो, तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या घराचे छत गळते. बंद गॅलरीत किंवा खोलीत निखारे ठेवणे तर प्राणावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिवाय या शहरात लाकडाच्या धुराकडे बघण्याची नजर आता बदलली आहे : जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनाही सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. पावाची भट्टी जेथे सुटली नाही, तेथे आपल्या कानशीची काय कथा.

आपल्याला तीन वाटा आहेत. साकीनाका, भांडुप किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या बाजूला हीट ट्रीटमेंट करून देणारे छोटे कारखाने आहेत. ते बहुधा वजनावर पैसे घेतात आणि दोन कानशींसाठी भट्टी लावत नाहीत, पण दुसऱ्याच्या मालाबरोबर आपला तुकडा घालायला सहसा नाही म्हणत नाहीत. जाताना पोलाद कोणते हे सांगता आले पाहिजे. दुसरी वाट म्हणजे मुळातच नरम स्थितीत विकले जाणारे पोलाद घेणे. नागदेवीच्या बाजूला ‘सिल्व्हर स्टील’ मागितले, तर कापायला, घासायला तयार अशी घोटीव सळई मिळते, तिच्यावर काम करून नंतर पाणी द्यावे. मला विचाराल तर पहिल्या पटाशीसाठी हीच वाट बरी. तिसरी वाट फक्त भोकापुरती आहे. कडक पातळ पात्याला एकच भोक हवे असेल, तर ड्रिल मशीनमध्ये ड्रिलऐवजी टोक सपाट घासलेला खिळा पकडून, मशीन जोरात फिरवून तो हव्या त्या जागी दाबून धरावा. घर्षणाने तेवढीच जागा तापते, भोवती निळे कडे उमटते आणि ती ड्रिल घेण्याइतकी मऊ पडते.

स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये अनुशीतन होईल का, असेही आपण विचारले आहे. होत नाही, ओव्हन अडीचशे अंशांना थांबतो. पाणी दिल्यानंतर ठिसूळपणा उतरवण्यासाठी २०० ते २३० अंश लागतात, त्या कामाला मात्र तो अगदी योग्य आहे.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलचा जुना सुरा त्याच रीतीने मऊ होईल का? — एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. सुऱ्याचे स्टेनलेस हवेतही कडक होते आणि त्याला उतरवायला ज्या तापमानाची आणि ज्या नियंत्रित भट्टीची गरज असते ती लाकडाच्या आगीत जमणारी नाही. भांड्यांच्या स्टेनलेसची तऱ्हा तर उलटीच आहे : ते हजार अंशांच्या वर नेऊन झटकन गार केले की मऊ होते. साडेचारशे ते साडेआठशे अंशांच्या पट्ट्यात त्याला रेंगाळू दिले, तर त्यातले क्रोमियम कार्बनशी जोडले जाते आणि न गंजणारे भांडे गंजू लागते. राखेत आपण त्याला नेमके तेथेच रेंगाळवणार.

प्रश्न : तांब्याचे काम करणारे कारागीर भांडे लाल करून सरळ पाण्यात बुडवतात आणि ते मऊ होते. मग पोलादाला एवढे सोपस्कार का? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तांब्यात कार्बनचा खेळ नसतो. ठोकल्यामुळे त्याचे कण दबून ताठरतात, लाल झाल्यावर नवे कण तयार होतात आणि तेथेच काम संपते. त्यानंतर ते पाण्यात बुडवले काय किंवा तसेच ठेवले काय, मऊपणा तोच. पाण्यात बुडवण्याचा फायदा इतकाच की वरची काळी साय सुटते आणि कारागिराचा वेळ वाचतो. पोलादाचे सगळे भवितव्य मात्र उतरत्या तापमानात ठरते. हा क्षण डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. अंधारात कानशीचा लाल तुकडा सांडशीत धरून नुसता बघत राहावे : तो काळवंडत जातो, आणि सातशेच्या सुमारास, फुंकर न मारता, क्षणभर आपोआप पुन्हा उजळतो. कार्बन बाहेर पडताना पोलाद आतली उष्णता सोडते, ती ही उजळण. विल्यम बॅरेट या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये तिची नोंद केली. जुन्या लोहारांना ती नावाशिवाय माहीत असणार.

प्रश्न : पांढरा मुलामा दिलेले जुने बोल्ट आणि पाइप तापवून वाकवले तर चालतील का? तापवताना पिवळसर पांढरा धूर निघाला आणि संध्याकाळी ताप आल्यासारखे वाटले. — एक वाचक, भांडुप

उत्तर : तो मुलामा जस्ताचा. जस्त ४१९ अंशांना वितळते, ९०७ ला उकळते आणि त्याच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, घसा कोरडा पडतो, तोंडाला धातूची चव येते. हे बहुधा एक-दोन दिवसांत उतरते, पण श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि मुलाम्याचा धूर घेतल्याचे आवर्जून सांगावे. पुढच्या वेळी मुलामा नसलेला काळा बोल्ट घ्यावा. क्रोमचा चकचकीत मुलामा, रंगवलेले फर्निचर आणि वाळवी लागू नये म्हणून औषध दिलेले जुने लाकूडही आगीपासून तितकेच दूर ठेवावे. चौकटी मोडून निघालेल्या लाकडाचे वाडीत ढीग पडलेले असतात आणि ते फुकट असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.